एक्केचाळीस नव्वद

मी कोल्हापुरात दूध संस्थांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात २००४ पासून काम करते. प्रोग्रॅम मी लिहीत नाही. तो कसा वापरायचा हे गावोगावच्या सचिवांना समजावणं, त्याची मराठी पुस्तिका तयार करणं आणि ‘मॅडम, स्क्रीनवर कायतरी आलंय’ असा फोन आला की ते नेमकं काय आहे हे शोधून काढणं, हे माझं काम. स्क्रीनशॉट हा माझ्या कामातला कच्चा माल आहे. दिवसाला वीस-पंचवीस तरी हाताखालून जातात. ते कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करावेत याचा मी कित्येक वर्षं विचारच केला नव्हता. त्यापायी एका आजींच्या बिलात १९ रुपये २० पैसे कमी पडले, तेव्हापासून करते.

सुरुवात फ्लॉपीपासून करते. मी लागले तेव्हा गावातल्या संस्थांत विंडोज ९८ ची मशिनं होती. जड काचेचे मॉनिटर आणि ८०० बाय ६०० चा स्क्रीन. प्रिंट स्क्रीनचं बटण दाबायचं, पेंट उघडायचं, पेस्ट करून सेव्ह करायचं. पेंट ते चित्र बिटमॅप म्हणून, म्हणजे बीएमपी म्हणून ठेवायचं. बीएमपीचा हिशेब सरळ असतो. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येकाला एक बाइट. ८०० गुणिले ६०० गुणिले ३ म्हणजे १४,४०,००० बाइट, आणि सुरुवातीच्या माहितीचे ५४. फ्लॉपीवर प्रत्यक्षात जागा मिळायची १४,५७,६६४ बाइट. म्हणजे एका फ्लॉपीत बरोबर एक स्क्रीनशॉट मावायचा. राधानगरी तालुक्यातले एक सचिव बिलाच्या चार स्क्रीनची अडचण दाखवायला चार फ्लॉप्या पिशवीत घालून एसटीने आले होते. तिसरी फ्लॉपी वाचता आली नाही. ते परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तेव्हा मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

मग विंडोज एक्सपी आलं, पेन ड्राइव्ह आले, आणि ऑफिसातल्या एका इंजिनिअरने दाखवलं की पेंटमध्येच खाली जेपीजी असा पर्याय आहे. तो निवडला की तेच चित्र शंभर केबीच्या आत यायचं. चार फ्लॉप्यांचा माल एका फ्लॉपीत! मी त्या दिवसापासून सगळं जेपीजीत ठेवायला लागले. आमची २००६ ची पुस्तिका, साठावर स्क्रीनशॉट असलेली, संपूर्ण जेपीजीत आहे. छापून आली तेव्हा अक्षरांभोवती धूळ बसल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं छपाई खराब झाली.

आता २०१७ ची गोष्ट. म्हशीच्या दुधाचं नवं दरपत्रक आलं होतं. ज्यांना दरपत्रक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: उभ्या बाजूला फॅट, आडव्या बाजूला एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दोन्ही एका दशांशाने वाढत जातात, आणि जिथे ओळ आणि रकाना मिळतात तिथे लिटरचा दर. त्या वेळच्या तक्त्यात ४६ ओळी आणि ११ रकाने होते, म्हणजे ५०६ दर. सगळे देवनागरी आकड्यांत, दोन दशांश स्थळांपर्यंत. सॉफ्टवेअरमध्ये दर भरून झाले की सचिवांना ताडून बघण्यासाठी आम्ही स्क्रीनशॉट पाठवायचो. तक्ता एका स्क्रीनवर मावत नव्हता. मी दोन स्क्रीनशॉट घेतले, पेंटमध्ये एकाखाली एक जोडले, एका पानावर बसावेत म्हणून निम्म्या आकाराचे केले आणि नेहमीप्रमाणे जेपीजी म्हणून सेव्ह केले. ते मोबाइलवरून फोटो म्हणून सुपरवायझरकडे गेले. त्यांनी आपल्या फोनवर त्याचाच स्क्रीनशॉट घेऊन सचिवांच्या ग्रुपवर टाकला.

एका गावात आमचं जुनं व्हर्जन होतं, दर फाइलमधून आत घेता यायचे नाहीत. तिथल्या सचिवांनी रात्री बसून मोबाइलवरच्या चित्रात बघत बघत सगळे दर हाताने भरले. ५०६ आकडे. त्यातला एक चुकला.

दहा दिवसांनी बिलं वाटली. एक आजी चिठ्ठी घेऊन संस्थेत आल्या. त्यांच्या एकाच म्हशीचं दूध, सकाळी ६.३ फॅट, संध्याकाळी ६.४. एसएनएफ दोन्ही वेळा ९.०. सकाळचा दर ४१.६० लागला होता आणि संध्याकाळचा ४१.१०.

“फॅट वाढली आन् दर उतरला, असं कुठं असतंय व्हय?”

हे वाक्य मला सचिवांनी फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मी आमच्या मशिनवर तक्ता उघडला. ६.४ च्या ओळीत ४१.९० होतं. सचिव म्हणाले, “मॅडम, तुमच्या फोटूत एक्केचाळीस धाच दिसतंय. नव्वद न्हाई.” मी तोच फोटो मागवला आणि मोठा करून बघितला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला स्वतःलाही तो आकडा १ आहे की ९ हे सांगता येईना. देवनागरीतल्या या दोन आकड्यांमध्ये फरक असतो तो डोक्याच्या वळणाचा आणि शेपटीचा. लहान आकारात तो दोन-तीन ठिपक्यांत सामावलेला असतो, आणि नेमके ते ठिपके करड्या धुरळ्यात विरघळले होते. लिटरमागे ८० पैसे. आजींचं संध्याकाळचं २४ लिटर दूध ६.४ ला लागलं होतं, म्हणून १९ रुपये २० पैसे. त्या फॅटला लागलेले आणखीही काही उत्पादक होते. सचिवांनी पुढच्या बिलात सगळ्यांना फरक दिला. मला कुणी काही बोललं नाही. पण मी त्या रात्री घरी बसून मूळ जेपीजी आणि नव्याने घेतलेला पीएनजी (चित्र सेव्ह करायचा आणखी एक फॉरमॅट) शेजारी शेजारी उघडले आणि आठपट मोठे करून पाहिले.

पीएनजीमध्ये आकडा जसा स्क्रीनवर होता तसाच. काळ्या ठिपक्यांच्या पायऱ्या आणि भोवती कोरा पांढरा कागद. जेपीजीमध्ये आकड्याभोवती फिकट करडे ठिपके घोंघावत होते. पुढे वाचताना कळलं की या क्षेत्रातली मंडळी याला ‘मॉस्किटो नॉइज’ असंच म्हणतात, डासांचा गोंगाट. दशांश चिन्ह म्हणजे एखाद-दोन ठिपके. त्याच्या शेजारी तसलेच दहा करडे ठिपके आले की खरा कोणता हे डोळ्यांना शोधावं लागतं. अनुस्वाराचं तेच. चिता आणि चिंता यांत एका बिंदूचाच फरक, हे आपण शाळेत सुभाषितात शिकलो. तो बिंदू आमच्या स्क्रीनवर दोन बाय दोन ठिपक्यांचा असतो.

असं का होतं हे मला समजून घ्यायचं होतं. मी कॉमर्सची, त्यामुळे वेळ लागला. जसं मला समजलं तसं सांगते.

पीएनजी हा कीर्द लिहिणाऱ्या कारकुनासारखा आहे. कीर्दीत वरच्या ओळीतलंच पुन्हा यायचं असेल तर आपण ‘वरीलप्रमाणे’ लिहितो किंवा नुसत्या दोन खुणा करतो. पीएनजी प्रत्येक आडव्या ओळीसाठी ठरवतो की डावीकडच्या ठिपक्याशी ताडायचं, वरच्याशी ताडायचं, की दोघांची सरासरी धरायची, आणि मग फक्त फरक लिहितो. आमच्या स्क्रीनवर पांढरी पार्श्वभूमी, सरळ रेघा, एका रंगाची बटणं. बहुतेक ठिकाणी फरक शून्य. त्या शून्यांच्या लांबच लांब रांगा मग झिप फाइलमध्ये असते त्याच डिफ्लेट पद्धतीने आवळल्या जातात. उघडताना सगळं उलट करत गेलं की प्रत्येक ठिपका जसाच्या तसा परत. काहीही गळत नाही. १३६६ बाय ७६८ चा आमचा स्क्रीन बीएमपीत सुमारे ३१ लाख बाइटचा होतो. पीएनजीत तोच शे-दीडशे केबीत बसतो. हे कळल्यावर मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली. आकार वाचवण्यासाठी मी अक्षरं गमावत होते, आणि पीएनजीने ती न गमावताही जवळपास तेवढाच आकार दिला असता. एक्सपीच्या पेंटमधल्या त्याच यादीत पीएनजीही होतं.

जेपीजीची रीत वेगळी. तो आधी उजेड आणि रंग वेगळे करतो. माणसाचा डोळा रंगातले बारकावे कमी टिपतो म्हणून बहुतेक वेळा चार ठिपक्यांना मिळून रंगाचा एकच आकडा ठेवतो. मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन ६४ प्रकारच्या लहरींच्या बेरजेत मांडतो. संथ लहरी नीट जपतो, बारीक चटपटीत लहरींचे आकडे ढोबळ करतो किंवा शून्यच करून टाकतो. आभाळ, गाल, शेत, गोठ्यातली म्हैस यांत संथ लहरीच जास्त, म्हणून काही बिघडलेलं दिसत नाही. पण अक्षराची कडा म्हणजे पांढऱ्यावरून एकदम काळ्यावर उडी. ती उभी करायला बारीक लहरीच लागतात. त्या काढून घेतल्या की उरलेल्या लहरी त्या चौकोनभर हेलकावत राहतात, तेच ते डास. आमच्या प्रोग्रॅममध्ये येणे बाकी लाल अक्षरात दिसते. ती जेपीजीत सगळ्यात वाईट दिसायची, कारण तिथे उजेडासोबत रंगही पसरायचा. ही गोष्ट मी दहा वर्षं बघत होते, कारण माहीत नव्हतं.

म्हणून जेपीजीला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. ते छायाचित्रांसाठी केलेलं आहे, ‘जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप’ या पूर्ण नावातच फोटोग्राफी आहे, आणि १९९२ पासून ते काम चोख करतं आहे. त्याच्या मुळाशी असलेलं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, नासिर अहमद यांच्या कल्पनेतून आलं. ते बेंगळुरूत जन्मलेले, तिथेच इंजिनिअरिंग शिकून अमेरिकेत गेलेले. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. तरी काम करून त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध छापला. आज घरोघरी जो फोटो उघडतो त्यात त्यांचं गणित आहे. त्यांचं नाव आपल्याकडे शाळेत कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

पीएनजीची जन्मकथा तर सहकारात वाढलेल्या माणसाला आवडावी अशीच आहे. १९८७ पासून जीआयएफ हा फॉरमॅट सगळीकडे चालत होता. त्यातली आकुंचनाची पद्धत पेटंट घेतलेली होती, आणि डिसेंबर १९९४ मध्ये जाहीर झालं की जीआयएफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरला आता परवाना घ्यावा लागेल. जानेवारी १९९५ च्या पहिल्याच आठवड्यात थॉमस बाउटेल यांनी इंटरनेटवरच्या चर्चेत नव्या, मुक्त फॉरमॅटचा आराखडा मांडला. ठिकठिकाणच्या माणसांनी त्यात भर घातली, सुधारलं, भांडले, आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी तो वेबच्या मानक संस्थेची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाला. कुणाच्या मालकीचा नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. शिवाय जीआयएफमध्ये २५६ रंगांची मर्यादा होती, तीही गेली.

आता रोजच्या कामातलं. एक गैरसमज मी दर महिन्याला तरी कुणाचा तरी दूर करते. जेपीजीत आलेली फाइल पेंटमध्ये उघडून पीएनजी म्हणून सेव्ह केली की ती स्वच्छ होते असं अनेकांना वाटतं. मी सचिवांना सांगते, साय काढलेलं दूध धुतलेल्या कॅनमध्ये ओतलं म्हणून फॅट परत येते का? हे त्यांना एका वाक्यात पटतं. नुसतं फाइलच्या नावापुढचं जेपीजी खोडून पीएनजी लिहिणं म्हणजे तर कॅनवरची चिठ्ठी बदलणं. स्क्रीनवरून पहिल्यांदा उचलतानाच पीएनजी हवं.

आणि ते आता सोपंही झालंय. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज की आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की पिक्चर्सच्या आत स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरमध्ये पीएनजी आपोआप जाऊन बसतो. तेवढाच तुकडा हवा असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस. विंडोज ७ ची मशिनं अजून काही संस्थांत आहेत, तिथे स्निपिंग टूल. माझ्या भाच्याच्या मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ३ दाबलं तरी पीएनजीच मिळतो. काही मोबाइल मात्र स्क्रीनशॉट जेपीजीत ठेवतात, त्यांच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट बदलता येतो का ते एकदा बघून ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते. वर्डमध्ये पुस्तिका करत असाल तर ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली, चित्रं आवळू नयेत अशी एक खूण असते, ती करून ठेवा. माझ्या एका पुस्तिकेत पीएनजी टाकूनही आकडे मऊ झाले होते, ते याच कारणाने.

व्हिडिओ कॉलवरच्या प्रशिक्षणाचा स्क्रीनशॉट घेतला, ज्यात वीस जणांचे चेहरे आहेत, तर तो मी जेपीजीतच ठेवते. चेहऱ्यांमध्ये ‘वरीलप्रमाणे’ असं काही नसतं, त्यामुळे पीएनजी तिथे दोन-तीन एमबीपर्यंत फुगतो आणि त्याचा काही उपयोगही नसतो. वेबपीही वापरून पाहिलं. गुगलने २०१० मध्ये आणलेला हा फॉरमॅट आहे, त्याला काहीही न गमावता आवळण्याचीही सोय नंतर आली, आणि त्या प्रकारात फाइल पीएनजीपेक्षा लहान होते. आमच्या वेबसाइटवर मी तो वापरते. पण गावातल्या विंडोज ७ च्या फोटो व्ह्यूअरमध्ये तो उघडत नाही. जे समोरच्याला उघडता येत नाही ते कितीही लहान असलं तरी मी पाठवणार नाही.

खाते क्रमांक झाकण्याबद्दलही सांगायला हवं, कारण आमच्याकडे येणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये उत्पादकांचे बँकेचे क्रमांक असतात. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या चित्र कापण्याच्या सोयीत एक दोष होता. कापलेलं लहान चित्र जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिलं जायचं, पण जुन्या फाइलची शेपटी तशीच मागे राहायची. तिच्यातून कापून टाकलेला भाग काही अंशी परत मिळवता येत होता. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही असाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले. मी मात्र तेव्हापासून क्रमांकावर पेंटमध्ये काळा भरीव चौकोन काढते आणि नव्या नावाने सेव्ह करते. नुसतं धूसर करत नाही. आकडे दहाच असतात, धूसर आकडा ओळखणं तेवढं अवघड नसतं.

दरपत्रकाचा स्क्रीनशॉट आम्ही आता पाठवतच नाही. तो प्रोग्रॅममधूनच पीडीएफ म्हणून निघतो, त्यात आकडे आकडेच राहतात, कितीही मोठे करा. हा बदल मी २०१७ च्या त्या आठवड्यातच मागून घेतला होता आणि प्रोग्रॅमरने दोन दिवसांत करून दिला. त्या गावच्या सचिवांना पहिली पीडीएफ मी स्वतः पाठवली आणि ६.४ ची ओळ मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली.

सध्या मी २००६ ची पुस्तिका नव्याने करते आहे. काही संस्था अजून त्याच जुन्या आवृत्तीवर आहेत आणि त्यांना तीच लागते. मूळ बीएमपी मी त्या वेळी जागेसाठी पुसून टाकले होते. म्हणून कोपऱ्यातलं एक्सपीचं जुनं मशिन पुन्हा चालू केलंय, त्यावर जुना प्रोग्रॅम टाकलाय आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक स्क्रीन पुन्हा उघडून पीएनजीत उचलते. एक्केचाळीस झाले. वार्षिक दर फरकाच्या वाटपाचे स्क्रीन राहिलेत. ते उघडायला पूर्ण वर्षाचं संकलन भरलेलं असावं लागतं, आणि त्या काळचा डेटा आमच्याकडे नाही. राधानगरीच्या त्या सचिवांना परवा फोन केला. ते आता निवृत्त झालेत. म्हणाले, संस्थेच्या माळ्यावर फ्लॉप्यांचा एक डबा असेल, रविवारी चढून बघतो.